परत आलेली खादीची पिशवी

मंडळी, आज ऑफिसात नाताळच्या भेटी वाटल्या. अट एकच, भेट पर्यावरणपूरक हवी.

मला खादीची पिशवी मिळाली. गेल्या नाताळात ती मीच शेजारच्या टेबलावरच्या समीरला दिली होती. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"सर, आवडली का?" समीरनेच विचारलं.

"पुनरागमनाय च," मी म्हणालो. तो न कळता हसला.

आत माझी चिठ्ठी तशीच होती. "एखाद्या रविवारी वारज्याला जेवायला ये. मी एकटाच असतो, पण आमटी बरी करतो."

वर्षभर मला वाटत होतं, याला यायचं नसेल. याने तर चिठ्ठी वाचलीच नव्हती.

निघताना पिशवी त्याच्या खुर्चीला अडकवून आलो. चिठ्ठी या वेळी बाहेरून टाचली आहे.

आता तुम्हीच सांगा, रविवारी आमटी दोघांची करू का?