दादाच्या स्पीकरांसाठी ॲम्प्लिफायर

दादा गेल्यावर त्याचे दोन मोठे स्पीकर बैठकीत तसेच उभे राहिले. कमरेइतके उंच, सागवानी, पुढून जाड विणीचं कापड लावलेले. वहिनी रोज देवपूजा आटोपली की त्यांच्यावरून फडकं फिरवत. वाजवायला मात्र काही नव्हतं. दादाचा शेवटचा ॲम्प्लिफायर त्याच्या आजारपणातच बंद पडला होता. पुण्याहून पुतण्याचा फोन आला की जुन्या स्पीकरांना आता चांगलं गिऱ्हाईक मिळतं, विकून टाकू. वहिनी म्हणाल्या, "इकाचे तं इका. पण त्याच्या आधी मले ते एकदा धड ऐकवा. लग्न होऊन आली तेव्हा ऐकले होते तसे."

पुतण्याने ते काम माझ्यावर सोपवलं. मी हो म्हणालो आणि त्या 'धड' शब्दापाशी अडकून बसलो. ते स्पीकर मी जाळले होते. आमच्या घरात मात्र आजवर ते दुसऱ्याच एका माणसाने जाळले असं समजलं गेलं. तो माणूस जिवंत आहे. त्याला आणि वहिनींना खरं काय ते सांगायचं, की दादाला जसं कळू दिलं नाही तसंच यांनाही कळू न देता आपण जायचं, एवढं माझ्या हातात उरलं होतं.

दादा मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होता. रेल्वेच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून दादाने हे स्पीकर घेतले. त्यांना साजेसा ॲम्प्लिफायर त्याला विकत परवडणारा नव्हता. तो त्याच्या मित्राने घरी बसून बनवून दिला. मित्राचा धंदा लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावण्याचा, जोडीला रेडिओदुरुस्ती. मी त्यांना भाई म्हणायचो, बाकी सगळे मिस्तरी. त्या ॲम्प्लिफायरला काचेचे व्हॉल्व्ह, उघडा पत्रा, मागे हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, दिसायला ओबडधोबड. पण त्यावर ते स्पीकर असे वाजत की गाणारा माणूस श्वास कुठे घेतो तेही समजे. दिवाळीला भाईंच्या घरी आमचा फराळ जाई, ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येई. डबा कधी रिकामा परत करायचा नाही, अशी आईची शिस्त होती.

ताईच्या हळदीचा दिवस होता. दादाच्या हौसेखातर भाईंनी सकाळी ते दोन स्पीकर ओसरीत मांडले, त्यांच्या वायरी घरच्या ॲम्प्लिफायरला जोडल्या आणि सनईची रेकॉर्ड लावून दिली. त्याच टेबलावर मांडवाचा मोठा ॲम्प्लिफायर होता. त्यावर अंगणातले आणि गल्लीतले भोंगे चालत. मांडवाच्या ॲम्प्लिफायरला मागे वायरी लावायच्या दोन जागा असतात. लांब वायरीवरच्या भोंग्यांसाठी जी जागा, तिथे विजेचा दाब फार असतो. भोंग्याच्या पोटात तो दाब उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, म्हणून त्याला तो सोसतो. घरातल्या स्पीकरला सोसत नाही. मला हे माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी अमरावतीला सायन्सला होतो आणि भाईंनी मला हे स्वतः समजावून सांगितलं होतं.

त्या दिवशी भाईंकडे दुसरंही एक लग्न होतं. दुपारी ते तिकडे गेले. दादा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर. माझे कॉलेजचे दोन मित्र आले होते. एक जण स्पीकरकडे पाहत म्हणाला, "एवढाल्या पेट्या, अन् आवाज मांजरीचा काऊन बे?" दुसरा हसला. मी उठलो, घरच्या ॲम्प्लिफायरवरून वायरी काढल्या आणि मांडवाच्या ॲम्प्लिफायरला भोंग्यांच्या जागी लावल्या. एकदाच लावून बघू, असं मनात होतं. आवाज असा आला की हळद लावणाऱ्या बायका दचकून वळल्या. मित्र टाळ्या पिटायला लागले. गाणं संपायच्या आत करपल्यासारखा वास आला आणि आवाज एकदम जाड, घोंगडीखालून आल्यासारखा झाला. बाहेर कोणीतरी ओरडलं, पाहुणे आले. मी सगळं बंद केलं आणि वायरी तशाच सोडून विड्याची पानं आणायला म्हणून मागच्या दाराने निघून गेलो.

परतलो तेव्हा दादा टेबलापाशी उभा होता, हात भोंग्यांच्या जागी लावलेल्या वायरींवर. भाई नुकतेच येऊन पोचले होते, कपाळावर घाम. दादाने मला विचारलं, हे कोणी लावलं? मी म्हणालो, "भाईंनीच लावलं असंन. मी तं पानं आणाले गेलतो."

भाई जवळ आले. ते वायरीकडे पाहत राहिले. व्याही मंडळी ऐकत होती. दादा त्यांच्यादेखत म्हणाला, "तुमच्या हाताले भोंगेच बरे, मिस्तरी. घरातल्या वस्तूले हात नका लावत जाऊ."

भाईंनी लग्न पार पाडलं. मांडव उतरला तशा वायरी गुंडाळून ते गेले. त्याच आठवड्यात दादाने त्यांनी बनवलेला ॲम्प्लिफायर जिनिंगमधल्या हमालाच्या हाती परत पाठवला. त्या दिवाळीला फराळ गेला नाही. पुढे भाई गाव सोडून गेले.

स्पीकरच्या वरच्या भागात बारीक आवाज काढणारे जे छोटे स्पीकर असतात, तेवढेच जळाले होते. खामगावच्या एका दुरुस्तीवाल्याने ते बदलले. मिळाले ते दुसऱ्याच जातीचे. आवाज परत आला, पण त्याच्यातला उजेड परत आला नाही. दादाने मनाशी घेतलं की खोट आता ॲम्प्लिफायरमध्ये आहे. तेव्हापासून तो ॲम्प्लिफायर बदलत राहिला. काही वर्षं गेली की नवा. प्रत्येक खेपेला मला सोबत नेई, कारण मी शिकलेला. अकोल्याच्या दुकानात आम्ही दोघं बाकावर बसून ऐकायचो आणि तो विचारायचा, हा कसा वाटते? मी म्हणायचो, हा बरा आहे, जरा मोकळा आहे. कोणताही घेतला तरी ते परत येणार नाही, हे मला ठाऊक होतं. घरी आणला की तो बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचा, मग मान स्पीकरकडे झुकवून थांबायचा. खोलीतून कोणी हाक मारली आणि नीट ऐकू आली नाही की माणूस जसा थांबतो, तसा.

आता ते मान झुकवणं माझ्याकडे आलं आहे. बैठकीत शिरलो की मी दाराशी थांबतो. दादाची खुर्ची रिकामी असते. मी तरी पण जरा थांबतो.

यंदा अकोल्याहून एक कारागीर बोलावला. दादा बोलवू देत नव्हता, त्याच्या मते खोट स्पीकरांत नव्हतीच. या कारागिराने मूळ जातीचे छोटे स्पीकर कुठून तरी मिळवले आणि बसवले. ॲम्प्लिफायर तीन जमले. पुतण्याने पुण्याहून पाठवलेला तळहाताएवढा, पाकिटावर मोठमोठे वॉट लिहिलेला. दुसरा मांडववाल्यांकडचा, पुतण्याच्या मित्राने दिलेला, पंखा घरघरणारा. तिसरा खामगावच्या एका घरातून आणलेला जुना, जड, फार ताकदीचा नसलेला. कारागीर म्हणाला की या स्पीकरांना ताकद फार लागतच नाही. ते थोड्यात बोलतात. त्यांना शांत ॲम्प्लिफायर लागतो.

मग त्याने स्पीकरचं खालचं झाकण उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "जळाले तेव्हा यांना काय लावलं होतं? जास्त दाब गेला असेल तर आतले कंडेन्सर पण बदलावे लागतील. त्याशिवाय कोणता ॲम्प्लिफायर चालेल ते सांगता येत नाही."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, मिस्तरीनं चुकीची वायर लावली होती. कारागिराने विचारलं, कुठली? वहिनींना ते सांगता येईना. मी म्हणालो, "मांडवाच्या ॲम्प्लिफायरवर, भोंग्यांच्या जागी. एक गाणं पुरं नाही झालं."

कारागीर मान हलवून कामाला लागला. वहिनींनी कप खाली ठेवला.

"तुमाले काय मालूम, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "तुमी तं पानं आणाले गेलते."

मी कप उचलला.  कारागिराने जुना जड ॲम्प्लिफायर जोडला. सुई रेकॉर्डवर टेकली आणि गाण्याआधी एक क्षण नुसती शांतता आली. पण ती मिटलेली नव्हती, उघडी होती, दार लोटल्यावर पलीकडचं अंगण दिसावं तशी. तबल्याच्या काठावरचं बोट ऐकू आलं. झांजेचा थरथराट विरत विरत कुठे संपतो ते ऐकू आलं. दादा हेच शोधत होता. अकोल्याच्या बाकांवर माझ्या शेजारी बसून उभा जन्म तो हेच शोधत होता. मला तिथे बसवेना. मी ओसरीत आलो. तिथेही ते ऐकू येतच होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन गाड्या बदलून दुसरबीडला गेलो. भाई तिथे लेकीकडे राहतात, हे मला फार पूर्वीपासून माहीत होतं. रस्त्याला लागून जावयाचं दुकान आहे. तिथे ते फवारणीचे पंप दुरुस्त करत बसले होते. पाठ वाकलेली, दाढी पांढरी. मी कोण ते सांगितलं तशी त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि दादाचं विचारलं. दादा गेल्याचं त्यांना कोणीच कळवलं नव्हतं. त्यांनी हातातली पंपाची पट्टी मांडीवर ठेवली.

मग मी सांगितलं. मित्र, त्यांचं हसणं, वायरी, पानं, सगळं. मला वाटत होतं, ते म्हणतील की मला तेव्हाच कळलं होतं. मी तसं मनाशी धरूनच गेलो होतो. माझ्यासाठी ते सोपं झालं असतं.

"तू लावली होती?" ते म्हणाले.

"हो, भाई."

"मी तं समजत होतो का म्याच लावली." ते हळू बोलत होते. "दोन लग्नं होती त्या दिवशी. सकाळी घाई. मले आठवेच ना. वायर तिथं दिसली, म्हणलं, हात चुकला आपला. मग कोणाच्या लग्नात गेलो का जोडलेलं पुन्हा पाहाचो, पुन्हा पाहाचो. वेळ लागे. लोकं म्हणत, मिस्तरी ढिला पडला. सोडून देल्लं मंग सारं."

आतून नात पाणी घेऊन आली. त्यांनी मला आधी घ्यायला लावलं.

"भाई, माफ करा," मी म्हणालो.

"मले सांगून काय होते, छोटे? त्याच्या कानावर घालाचं होतं." त्यांनी पट्टी पंपावर चढवायला घेतली. ती चढेना. "भाभीले सांग. अन् तुले लिहिता येते, लिहून काढ. तेव्हा किती लोकाईसमोर झालं ते, आता लोकाईलेच कळू दे. माझं नाव नको टाकू फक्त. पोरीले नाही सांगितलं मी कधी."

निघताना मी विचारू नये ते विचारलं. वहिनींना स्पीकर धड ऐकायचे आहेत, ॲम्प्लिफायर तुम्हीच निवडून द्याल का? गाडी पाठवतो.

"ते मले नको सांगू," ते म्हणाले. चिडून नाही. मग दुसरा पंप पुढे ओढला.

घरी आलो तेव्हा वहिनी वाटच पाहत होत्या. कुठे गेलो होतो ते त्यांना न सांगताच कळलेलं असावं. मी उभ्याउभ्याच बोललो. त्यांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, ईद आली का हे दिवसभर ओसरीतच बसत. मी म्हणो, जेवाले या. म्हणत, येतो. त्याईले वाटे का मिस्तरी एकदा तरी येईन, चुकलं म्हणन. चुकलं म्हणला असता तं ह्याईनं लगेच पोटाशी धरला असता.

"मी विचारलंच नाही कोणाले," त्या म्हणाल्या. "तुमचंच खरं धरून बसलो आमी सारे."

स्पीकर विकायचे नाहीत, असं त्यांनी त्याच संध्याकाळी पुतण्याला फोनवर सांगितलं. कारण सांगितलं नाही. ते काकाच सांगतील, एवढंच म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात दिला. मी त्यालाही सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, काका, नंतर बोलू. ॲम्प्लिफायर तो खामगावचा जड ठेवला. तो निवडताना वहिनींनी माझं मत विचारलं नाही. कारागीर पुन्हा आला तेव्हा तीनही त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि तिसऱ्याच्या वेळी त्याला म्हणाल्या, हा राहू द्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरबीडला जायला गाडी सांगितली. आदल्या दिवशी अनारसे केले, चिवडा केला. दिवाळी जवळपास कुठेच नव्हती. सकाळी डबा मांडीवर घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या. मी दार धरून उभा होतो. सोबत येऊ का, असं विचारलं.

"नका येऊ," त्या म्हणाल्या. "तुमचं तुमी सांगून आले. आता आमचं आहे."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी मी घरात आलो आणि हे लिहायला बसलो.