सूचक कोण, अनुमोदक कोण

"शर्ट काढ आधी," काकी म्हणाल्या. सगळ्यांसमोर. माझ्याच भेंडीच्या रानात.

काकी म्हणजे आबांची बायको. आबा म्हणजे आमच्या भाजीपाला उत्पादक संघाचे अध्यक्ष.

भेंडी तोडताना आम्ही बायका साडीवरनं नवऱ्याचा जुना शर्ट घालतो, फुल बाह्यांचा. भेंडीच्या अंगाला बारीक लव असते. कातडीला लागली की दिवसभर आग होते, रात्री झोपू देत नाही. शर्ट हा आमचा शौक नाही.

"परदेशातनं बाई यायलीय. हे बुजगावणं बघून काय म्हणंल ती?" काकी म्हणाल्या आणि हातातली पिशवी माझ्याकडं टाकली. आत हिरवं लुगडं होतं, काठाचं. "हे नेस. शेतकरीण दिसली पायजे."

मी शेतकरीण होतेच की. सकाळपासनं तोडत होते. पण दिसत नव्हते म्हणे.

बांधावर पुरुष उभे होते. आबा, त्यांचा पुतण्या, संघातले आणखी चारपाच जण. माझा नवराही होता. बारामतीला एमआयडीसीत कामाला जातो तो, त्या दिवशी रजा काढून आला होता. मी तिथंच शर्टाची बटणं काढली. साडी अंगावर होती, तरी उघडं पडल्यासारखं झालं. नवरा पलीकडच्या उसाकडं बघत राहिला. उसात बघण्यासारखं काही नव्हतं.

पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जाऊन मी लुगडं नेसले. मोटार चालू होती.

ह्या मोटारीचं सांगायला पाहिजे. सणसरच्या पुढं, ओढ्याच्या अलीकडं आबांचं रान. ओढ्याच्या पलीकडं आमची वस्ती, काठानं आमचे तुकडे. कुणाचे वीस गुंठे, कुणाचे तीस. आमच्या वाडवडिलांच्या वाट्याला आलेली खडकाळ जमीन. ऊस त्यात परवडत नाही. भाजी करतो. भेंडी, गवार, मिरची. संघ झाला तेव्हा भाजीवाल्यांना उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून शेततळं मंजूर झालं. अर्जाला आमच्या सगळ्यांची नावं लागली. तळं खोदलं आबांच्या रानात, कारण "तितं उतार हाय." मोटार बसली त्यांच्या खोलीत, कारण "लाईट तितं हाय." कुलूप त्यांचं. आणि पाणी गेलं उसाला.

आबांनी आयुष्यात भेंडीचं एक झाड लावलेलं नाही. तरी भेंडीवाल्यांचे पुढारी तेच. कारखान्याला ते, सोसायटीला ते, मग भाजीला दुसरं कोण?

मी त्या संघाची उपाध्यक्ष. पदावर एक बाई हवी, असा नियम आला होता. मग आबा ओढा ओलांडून आमच्या वस्तीवर आले. पहिल्यांदाच. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. "आत्ताच पिऊन आलोय," म्हणाले. खुर्ची दिली तर "घाईत हाय." उभ्या उभ्या मला उपाध्यक्ष करून गेले. मला आनंद झाला होता. वाटलं, आपल्या भेंडीची किंमत कळली. तांब्या तसाच भरलेला राहिला, हे माझ्या सासूनं पाहिलं. ती उठली. तांब्यातलं पाणी तुळशीला ओतून आली.

तर त्या दिवशी ती परदेशातली बाई आली. आमची भेंडी जिथं जाते तिथनं, माल घेणाऱ्या कंपनीची. उंच, उन्हानं लाल झालेली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, बोटांवरच्या चट्ट्यांकडं. मग तिनं काहीतरी विचारलं. विचारताना ती माझ्याकडं बघत होती.

आबांचा पुतण्या मधे होता. पुण्यात शिकलेला, जळोचीला बंगला बांधून राहतो. इंग्रजी तोच बोलायचा. त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "वहिनी, तुम्ही फक्त हसायचं."

आता तो म्हणाला, "मॅडम विचारतायत, संघात तुमचं ऐकतात का? काही अडचण आहे का?"

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. मनात होतं ते बोलून गेले. म्हणाले, "अडचण हाय. तळं आमच्या नावानं झालं, पाणी आमाला येत न्हाय. उन्हाळ्यात भेंडीची फुलं गळत्यात. आमी घागरीनं झाडं जगवतो. बैठक कधी होती ते मला कळत न्हाय. मी उपाध्यक्ष हाय, पण बैठकीत काय ठरलं हे मला गावात दुसरेच सांगत्यात."

बरंच बोलले मी. श्वास लागला.

पुतण्यानं तिच्याकडं बघून हसून सांगितलं, "शी इज व्हेरी हॅप्पी."

एवढंच.

हॅप्पी मला कळतं. वस्तीवरच्या लेकरांच्या केकवर लिहिलेलं असतं. माझ्या एवढ्या बोलण्याचं त्यानं ते केलं. बाई खुश झाली. माझा हात हातात धरला. बांधावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"न्हाय," मी म्हणाले. "तसं न्हाय."

"चला चला, ऊन झालं," आबा म्हणाले. "पावण्यांच्या जेवणाची येळ झाली."

सगळे गेले. जेवायला मला कुणी बोलावलं नाही. नवरा त्यांच्या मागं गाडीपर्यंत गेला, गाडीचं दार लावून द्यायला.

मी खोलीत जाऊन लुगडं सोडलं, माझी साडी नेसले, लुगड्याची नीट घडी घातली, कुलूप लावायला माघारी आलेल्या काकींना द्यायला गेले. त्यांनी हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे तुलाच," म्हणाल्या. "तू नेसलेलं मी घेऊन काय करू?"

कुणाला वाटेल, मनाचा मोठेपणा. मला त्यातलं कळलं. आमच्या वस्तीवरच्या कुठल्याही बाईला कळलं असतं. माझ्या हातची भेंडी समुद्रापलीकडं जाऊन लोकांच्या ताटात पडत होती. माझ्या अंगाला लागलेलं लुगडं ओढ्याच्या अलीकडं चालत नव्हतं.

मी ते बांधावर ठेवलं. काकी बघत राहिल्या. मी शर्ट अंगात घातला आणि राहिलेली ओळ तोडायला लागले. त्या दिवशी मला भेंडीची खाज कळलीच नाही.

घरी नवऱ्याला म्हणाले, "तुमी तितंच हुता. एक शबूद बोलला न्हाईत."

तो म्हणाला, "बोलून काय हुतंय? आपल्याला त्यांच्यातच ऱ्हायचंय."

त्यांच्यात आम्ही कधी राहिलो? मी विचारलं नाही. ताट वाढलं.

त्यानंतर मी बायकांना भेटायला लागले. तोडणी झाली की एकेकीच्या रानात जायचे. शालन माझ्या शेजारची, आमचा बांधाला बांध. दोघी मिळून तोडायचो, क्रेट उचलायचो, एकीची भाकरी दुसरीनं खायची. शालन म्हणाली, "व्हैनी, तुमी बोला. आमी हाय मागं." बाकीच्याही म्हणाल्या. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा उपाध्यक्ष असल्यासारखं वाटलं.

वार्षिक सभा संघाच्या शेडमध्ये होती. पुढं टेबल, टेबलामागं आबा आणि कमिटी. बायका खाली सतरंजीवर, मागच्या भिंतीला. मीही तिथंच बसले होते. विषय एकामागं एक मंजूर होत होते. कुणी विचारत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं. "मंजूर, मंजूर" चाललं होतं.

मी उभी राहिले. पदर खोचला.

"आबा, तळ्याच्या पाण्याचा विषय घ्या."

 आबा शांतपणे म्हणाले, "आता पाण्याचा काय विषय? पाणी हाय की."

"तुमच्या उसाला हाय. आमच्या भेंडीला न्हाय. तळं भाजीवाल्यांचं हाय. किल्ली कमिटीकडं द्या आन पाळी लावा."

पुतण्या हसला. आबा हसले नाहीत. त्यांचा आवाज खाली आला.

"बाई, तुला पद आमी दिलं. इसरू नगंस."

"मग पद घ्या माघारी. पाणी द्या."

माझ्या तोंडातनं ते कसं आलं मला माहीत नाही. ठरवून गेले नव्हते. 

आबांनी चष्मा काढला. सगळ्या शेडवरनं नजर फिरवली. घाई नव्हती त्यांना. "बरं," म्हणाले. "लोकशाही हाय. हिचं म्हणणं कुणाकुणाला पटतंय? हात वर करा."

मी हात वर केला. मागं वळून बघितलं.

बायका सतरंजीच्या दशा बघत होत्या. शालननं पदर डोळ्यापर्यंत ओढला होता. पुरुषांच्या रांगेत माझा नवरा बसला होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, जड झाल्यासारखे. एकदा उजवा हात हलला असं वाटलं. त्यानं मानेवरची माशी हाकलली.

अख्ख्या शेडमध्ये एकच हात. माझा.

"झालं समाधान?" आबा म्हणाले. "बस खाली."

मी बसले नाही. हातही खाली केला नाही. सभा पुढं चालू झाली. पुढचा विषय, त्याच्या पुढचा विषय, मंजूर, मंजूर. मी हात वर करून उभी होते. खांदा भरून आला, बोटांना मुंग्या आल्या. कुणी माझ्याकडं बघेना. शेवटी आबाच उठले, सभा संपली म्हणाले, चहा आला. लोक चहाकडं गेले तेव्हा मी हात खाली घेतला.

सभेनंतरच्या पहिल्या तोडणीला संघाचा टेम्पो आला. शालनच्या बांधाला थांबला, पुढच्या बांधाला थांबला. माझ्या क्रेटपाशी थांबला नाही. ड्रायव्हर ओळखीचा होता, लहानपणापासून बघितलेला. त्यानं समोर बघून गाडी काढली. भेंडी थांबत नाही. एक दिवस राहिली की जून होते, मोडायला गेलं तर वाकते. मी सीटा भरून नेणाऱ्या वडापच्या जीपवर क्रेट टाकून बारामतीच्या बाजारात न्यायला लागले. आडत्यानं बघून विचारलं, "एवढा चांगला माल, संघाला का न्हाय दिला?" मी म्हणाले, "संघ माझा न्हाय." त्यानं मान हलवली, पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

आता तोडायला मी एकटी असते. बांधापलीकडं शालन असते. तिच्या बांगड्यांचा आवाज येतो. आधी आम्ही एवढं बोलायचो की वस्तीवरनं लोक ओरडायचे. आता ती ओळीच्या पलीकडच्या टोकापासनं सुरुवात करते. मी पोचते तेव्हा ती माघारी फिरलेली असते. नवरा घरात जेवतो, झोपतो, कामाला जातो. वाईट वागत नाही. फक्त बोलायला आमच्यात काही उरलं नाही. माणसांत राहून असं एकटं पडायला होतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

परवा शालन बांधावर आली. इकडं तिकडं बघून म्हणाली, "व्हैनी, मी हात वर करणार व्हते. द्येवाशप्पत."

"केला न्हाईस."

"पोरगं कारखान्यात लागायचं हाय. आबांचा शबूद लागतूय."

"म्हाईत हाय मला."

ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. राग होता म्हणून नाही. जवळ घेतलं असतं तर तिचं ओझं उतरलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. मला तो संपवायचा नव्हता.

"शालन, मी अध्यक्षाला उभी ऱ्हाणार हाय. माझी सूचक हो."

तिनं डोळे पुसले. विळा उचलून गेली.

काल मी आबांच्या दारात गेले. पायऱ्यांच्या खाली उभी राहिले नाही. वर चढले, ओसरीवर गेले. काकी दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. आबा पेपर वाचत होते.

"आबा, पुढच्या निवडणुकीला मी अध्यक्षाला उभी ऱ्हाणार हाय. सांगायला आले."

त्यांनी पेपरची घडी घातली. मला वाटलं ओरडतील. ते हसले, बारक्या पोराला हसावं तसं.

"ऱ्हा की. सूचक कोण? अनुमोदक कोण?"

"शोधतीया."

"सापडंल कुणी?"

"आज न्हाय."

मी पायऱ्या उतरून आले. मागनं कुणी हाक मारली नाही.

वस्तीवरची सगळी घरं मी फिरणार आहे. ओढ्याअलीकडचे भाजीवालेही आहेत, बारक्या रानांचे. त्यांचीही फुलं गळतात, त्यांनाही मी विचारणार आहे. दार लावून घेतील. काही आतनं नाही म्हणतील. ह्या वर्षी दोन माणसं मिळाली नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारेन, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मी दमेन याची वाट आबांनी बघू नये.

भेंडी मी पिकवते. तिच्याबद्दल यापुढं दुसऱ्या कुणाचं तोंड बोलणार नाही.