सातव्या पायरीचं तेवढं बघा

त्या सुताराला सगळे गप्पगार म्हणत. तो स्वतः बोलायला लागला की ऐकणाऱ्याचे कान किटत; गप्प व्हायचे ते त्याने हात लावलेले जिने. चाळीस वर्षांत त्याने किती घरांतली कुरकुर मिटवली, याला गणती नव्हती. ‘सुना सासूच्या नकळत खाली उतरतात ती माझी कृपा,’ असं तो छाती फुगवून सांगे.

एका व्हिक्टोरियन घराच्या डागडुजीत जिन्याचं काम मिळालं तेव्हा तो हरखून गेला. दीडशे वर्षांचं घर. पुढे आलेल्या खिडक्यांना रंगीत काचा, आणि दिवाणखान्यातून वळण घेत वर जाणारा लाकडी जिना; कठडा इतक्या हातांनी गुळगुळीत केलेला की रंध्याची गरजच नव्हती. मालकाची आत्या याच घरात जन्मली होती. म्हातारपणी तिची दृष्टी गेली होती. पहिल्याच दिवशी ती त्याला म्हणाली, “सातव्या पायरीचं तेवढं बघा हं.”

“बघतो की! अगदी निर्धास्त राहा, आत्याबाई.”

पायरी भयंकर करकरत होती. त्याने खालून पाचरी ठोकल्या, सरस भरला, स्क्रू आवळले. पायरी मुकी झाली. महिन्याभरात घर असं उजळलं की येणारेजाणारे थांबून फोटो काढू लागले.

आत्याबाई मात्र खाली येईनात. शेवटी मालकाने त्याला बोलावून घेतलं. “अहो, ती करकरली की तिला कळायचं, वळण आलं. परवा तिचा पाय हुकला. कठडा हाताला लागला म्हणून वाचली. बघा म्हणजे सांभाळा, असं म्हणायचं होतं तिला.”

“आमच्या धंद्यात बघा म्हणजे दुरुस्त करा हो,” तो पुटपुटला.

दोन दिवस तो जिन्याखाली आडवा पडून होता. पाचरी उपटल्या, स्क्रू सैल केले. पायरी डुगडुगे, खुडखुडे, पण करकरेना. आवाज काढायचा म्हणजे घालवायचा, एवढंच तो जन्मभर शिकला होता. अखेर एक चिरकी किरकिर निघाली, तीही तीनदा पाय दिला तर एकदा.

आत्याबाई वरून उतरत सातवीवर आल्या. पाय ठेवला, काहीच नाही. पुन्हा ठेवला, किरकिर.

“हो, हीच ती,” त्या हसून म्हणाल्या. “जमलं की तुम्हाला!”

मग कठडा चाचपत त्या तिथूनच माघारी वळल्या. वर पोचल्यावर भाच्याला म्हणाल्या, “यापुढेही माझा चहा वरच पाठवत जा रे.”