न फाटणारं कार्ड

शुभदाताई गेल्या, त्याला आता महिना होत आला. ‘शांतपणे गेल्या’ असं मात्र कुणी म्हणू नये. मौद्याहून परत येताना ट्रकने त्यांची स्कूटी चिरडली. फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. परात तशीच भिंतीवर भिरकावली. त्यांच्या पिशवीतले फोमचे तुकडे, वेलक्रोच्या पट्ट्या, रंगीत कार्डं रस्ताभर पसरली होती म्हणे, आणि त्या सामानावरून गाड्या जात होत्या... मला अजून राग येतो. ट्रकचा येतो, रस्त्याचा येतो आणि शोकसभेत गोड बोलणाऱ्यांचाही येतो.

ताई संगीत उपचार करायच्या. माझा तुषार बावीस वर्षांचा, बोलत नाही, अंगाने दणकट. बिनसलं की समोर येईल त्याला हाणायचा. पहिल्याच दिवशी त्याने ताईंच्या तोंडावर असा फटका मारला की ओठ फुटला. त्यांनी ओढणीने रक्त पुसलं आणि पुठ्ठ्याचं एक कार्ड वर धरलं. निळं कार्ड दिसलं की गायचं, पिवळं दिसलं की डफ बडवायचा, आणि लाल कार्डावर उघडा तळवा होता, तो दिसला की थांबायचं. गंमत म्हणजे ते लाल कार्ड तुषारनेही दाखवायचं. त्याने दाखवलं की ताई अर्ध्या ओळीत गप्प! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या सांगण्यावरून थांबत होतं. हळूहळू त्याचा हात उठणं कमी झालं.

घरात मात्र दुसरा हात होता. तुषारचे बाबा कळमेश्वरच्या कारखान्यातून पाळी करून यायचे आणि पोरगं ओरडलं की कमरेचा पट्टा काढायचे. मी मध्ये पडले की मलाही बसायचा. एकदा तुषारने त्यांच्यासमोर लाल कार्ड धरलं. त्यांनी ते टराटरा फाडलं आणि त्याला दुप्पट मारलं.

मी ताईंना वळ दाखवले. “काहून रडून राहिली वं?” त्या डाफरल्या. “चाल, महालच्या बाजारात जाऊ.” तिथे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्याकडे त्यांनी लाल रेक्झिन घेतलं, दुहेरी करून आत कॅनव्हास घालायला लावला, मशीनवर तीनदा शिवण मारून घेतली. दुकानदार चक्रावला.

“ताई, याच्यावर कोण बसणार हाय?”

“बसणार कोणी नाही गा. एक जण फाडणार हाय.”

त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि ते कार्ड त्यांनी बाबांच्या हातात दिलं. “भाऊ, हे तुमच्यासाठी. फाडा.”

“पोरगं माझं हाय! मले शिकवून राहिल्या का तुम्ही?”

“फाडा ना.”

ते इरेला पेटले. ओढलं, पिरगळलं, शेवटी दात लावले. चेहरा लालबुंद झाला, पण शिवण हलली नाही. तुषार खदखदून हसला आणि बाबा दार आपटून बाहेर गेले. त्या दिवशी पट्टा निघाला नाही. पुढे निघाला, खोटं कशाला सांगू, पण क्वचित.

ते कार्ड ताईंसोबतच गेलं. कडेला उसवलं म्हणून त्यांनी दुरुस्तीला नेलं होतं, ते मौद्याच्या रस्त्यावर राहिलं.

मागच्या आठवड्यात तुषार सकाळपासून दाराशी बसून होता. ताई येत नाहीत हे त्याला कसं समजावणार... त्याने डफ फोडला, मग मुठीने खिडकीची काच. बाबा उठले, पट्टा काढला. तुषारने इकडेतिकडे कार्ड शोधलं, मिळालं नाही, तेव्हा आपला तळवाच वर धरला. काचेने कापून तो रक्ताने माखला होता.

पट्टा वर गेला. इतकी वर्षं मी अशा वेळी पाय धरत आले, रडत आले. त्या दिवशी मी तुषारच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि माझाही तळवा वर धरला.

“तू बी?” हे म्हणाले.

पट्टा त्यांच्या हातात लोंबत होता. आम्ही दोघांनीही हात खाली घेतले नाहीत.