मोठं टोक वर

ओनोरियो बोर्तोलान्झा सुईला घाबरतो, असं आमच्या गावात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. ब्राझीलच्या अख्ख्या सांता कातारिना राज्यात त्याच्याइतक्या सुया कुणी टोचल्या असतील असं मला तरी वाटत नाही. अंडी उबवायच्या कारखान्यात तो लसीच्या यंत्रावर होता. पिल्लू बाहेर यायला तीनेक दिवस उरले की अंड्यांचे ट्रे त्याच्यासमोर यायचे. यंत्र खाली उतरायचं, प्रत्येक अंड्याला वरून बारीकसं भोक पाडायचं, आतल्या पिल्लाला लस द्यायचं आणि वर जायचं. ओनोरियो शेजारी उभा राहून अंड्यांची समजूत घालायचा.

"घाबरायचं नाही, राजांनो. मुंगी चावल्यासारखं होईल. डोळे मिटा. बघा, झालंसुद्धा."

एवढं बोलून तो स्वतः मात्र छताकडे बघत राहायचा. नव्या पोरींना वाटायचं, किती देवभोळा माणूस, कामातही प्रार्थना करतो.

गडी अवाढव्य होता, आणि मागून तर विचारूच नका. कारखान्याची पांढरी विजार सारखी मागच्या शिवणीत उसवायची आणि ती शिवून देताना दोना लेओकादिया त्याला चार शब्द ऐकवायची. ही लेओकादियाबाई त्याच्या अलीकडेच बसायची. ट्रेमध्ये उलटं बसलेलं अंडं हुडकून सरळ करायचं, हे तिचं काम. अंड्याच्या जाड टोकाशी हवेची पोकळी असते, तिथून सुई बरोबर पिल्लापर्यंत जाते. निमुळतं टोक वर राहिलं की लस फुकट गेली. म्हणून दिवसभर तिचं एकच पालुपद चालायचं, "मोठं टोक वर, पोरींनो, मोठं टोक वर." नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ती झोपेतही तेच बरळते आणि त्याला कूस बदलायला लावते.

ओनोरियोचा या कामावर फार जीव. लहानपणी त्याच्या आईच्या कोंबड्या मारेक रोगानं लुळ्या व्हायच्या, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून परसात पडून राहायच्या. आई त्यांना चमच्यानं पाणी पाजायची आणि रडायची. आपल्या हाताखालून गेलेलं पिल्लू असं पडणार नाही, या विचारानं त्याला रोज बरं वाटायचं. ते यंत्र सोडून त्याला दुसरं काही नकोच होतं.

घोडं अडलं ते माणसांच्या लसीपाशी. दरवर्षी थंडीआधी कारखान्यात फ्लूची लस टोचायला नर्स यायची. एका वर्षी त्या दिवशी ओनोरियोचे धर्मपिता वारले. पुढच्या वर्षी तेच पुन्हा वारले. यंदा साहेब, म्हणजे जिल्सोमार, जेवणघरात उभा राहून म्हणाला, "शुक्रवारपर्यंत ज्याने टोचून घेतलं नाही, तो लसीच्या खोलीत येणार नाही. त्याने टरफलांच्या शेडमध्ये जायचं. आणि यंदा मयताला रजा नाही."

टरफलांची शेड म्हणजे काय, ते तिथल्या लोकांना विचारा. चर्चमध्ये त्यांना अख्खा बाक मोकळा मिळतो.

ओनोरियोच्या घशाखाली मक्याच्या पिठाचा पोलेंटासुद्धा उतरेना. शेवटी शुक्रवारी त्याला युक्ती सुचली, आणि काय युक्ती होती म्हणता! कोंबड्यांच्या लसीत निळा रंग घालतात, म्हणजे एखादं अंडं फोडून लस कुठवर पोचली ते बघता येतं. त्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाच्या डोक्यात लस म्हणजे निळीच, हे घट्ट बसलेलं. त्यानं काडीनं दंडावर निळा ठिपका दिला, वर पट्टी चिकटवली आणि ऐटीत जेवणघरात शिरला.

"झालं माझं. गावातल्या दवाखान्यातच उरकून आलो," तो म्हणाला आणि पट्टी उचलून दाखवली.

नर्स इडालिनानं ठिपक्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "हे निळं काय आहे?"

"लस."

"सेऊ ओनोरियो, माणसांची लस पाण्यासारखी असते. ही कुणी दिली तुम्हाला, कोंबडीनं?"

पोरी हसून हसून टेबलावर कोसळल्या. एकटी लेओकादिया हसली नाही. तिनं त्याला खिडकीपाशी नेलं.

"खरं बोल. भितोस ना?"

"दंड डोळ्यांसमोर असतो हो, दोना लेओकादिया," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "सुई येताना दिसते. दिसली की मी आडवा होतो. पण टरफलांत नका घालू मला. माझी पिल्लं कोण बघणार?"

लेओकादियाला त्याची खरोखर दया आली. ती नर्सकडे वळली. "बाई, दंडातच द्यायला हवी का?"

"कुल्ल्याशी बाजूला दिली तरी चालते."

"मग झोप रे टेबलावर."

ओनोरियो टेबलावर चढला आणि सवयीनं छताकडे बघत उताणा पडला. लेओकादिया दोन पावलं मागे सरली, मान तिरकी करून तिनं त्याला ट्रेतल्या अंड्यासारखं न्याहाळलं आणि जिभेनं च्यक् केलं.

"उलटं बसलंय. पोरींनो, मोठं टोक वर."

चौघींनी मिळून त्याला पालथा केला. त्या भानगडीत विजार पुन्हा उसवली, म्हणजे नर्सचं निम्मं काम झालं. लेओकादिया त्याच्या डोक्याशी वाकली.

"घाबरायचं नाही, राजा. मुंगी चावल्यासारखं होईल."

"थापा आहेत त्या," ओनोरियो टेबलात तोंड खुपसून ओरडला. "मला काय ठाऊक मुंगीसारखं होतं का विंचवासारखं? मी कधी टोचून घेतलंय? इतकी वर्षं त्या लेकरांना नुसतं फसवतोय मी. आता आठवलं की माझी मलाच लाज…"

"उठा," इडालिना म्हणाली. "झालंसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ट्रे आला. यंत्र खाली उतरलं आणि ओनोरियोनं पहिल्यांदाच छत सोडून सुयांकडे बघितलं. थोडा घामेजला, पण उभा राहिला.

"घाबरायचं नाही, राजांनो," तो अंड्यांना म्हणाला. "काल मी स्वतः घेतली. मुंगीच आहे. बसताना तेवढं दोन दिवस जपा."