गोटा न धरणारी तार

मनगटाचं प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात, म्हणून डॉक्टरांनी हाताला काहीतरी बारीक काम द्यायला सांगितलं. बायको म्हणाली, भाजी निवडा. पण मी मोबाईलवर एका बाईला तांब्याच्या तारेत दगड गुंफून लॉकेट करताना पाहिलं आणि तेच धरून बसलो.

मी गोंडपिपरीच्या एका शाळेत कारकून आहे. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तार आणली, गोल टोकाची पक्कड चंद्रपूरहून मागवली आणि वैनगंगेच्या पात्रातून गोटे वेचले. गोटे सुंदर, पण नदीने इतके घासलेले की तारेतून साबणासारखे निसटायचे. घट्ट आवळायला गेलं की तार तुटायची. टोकं नखांत घुसायची. मी पक्कड आपटून उठायचो आणि चहा पिऊन परत तिथेच बसायचो. एकदा बायकोला लॉकेट घालून बघ म्हटलं. तिने ते तळहातावर तोललं.

"माह्या गळ्याले काऊन शिक्षा देता?" म्हणाली.

लॉकेट घालायला तयार झाली ती माझी साळी, बायकोची बहीण. भद्रावतीला नात्यातलं लग्न होतं आणि तिला पांढऱ्या साडीवर काहीतरी वेगळं हवं होतं. तिने जांभळट रेघांचा एक गोटा निवडला. त्याच्यापायी माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. खालून तारा, बाजूने तारा, वर पीळ देऊन कडी. उलटं धरून हलवलं, गोटा पडला नाही. जमलं, असं पहिल्यांदाच वाटलं.

लग्न विहाराच्या आवारात होतं. वंदना झाली, हार घातले गेले, आणि जेवणाच्या रांगेत माझं लक्ष साळीकडे गेलं. तिच्या गळ्यात नुसती तार लोंबत होती. गोटा कुठे पडला याचा तिला पत्ताच नव्हता. मी ताट ठेवून खुर्च्यांखाली वाकून शोधत फिरलो. आवारभर नवीकोरी गिट्टी पसरलेली. तिच्यात एक गोटा शोधायचा होता.

हात हलवत परत आलो, तर एक अनोळखी बाई साळीचं लॉकेट बोटांत धरून निरखत होत्या. साळीने मला पुढे केलं.

"भाऊ, मले असंच एक बनवून द्या. पानाच्या जाळीवानी दिसते."

मी सांगितलं की यात गोटा होता, खरं काम त्याचंच होतं, तो पडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गोटा नोका टाकू. जड होईन."

माझी बायको तोंड फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

तसलं रिकामं लॉकेट मी एका बैठकीत वळलं. मग त्या बाईंच्या जावेला हवं झालं, मग आमच्या शाळेतल्या एका मॅडमना. सगळ्यांना बिनगोट्याचंच. शेवटी मी इरेला पेटलो. मॅडमच्या लॉकेटमध्ये हट्टाने एक छोटा गोटा बसवला, आणि तो असा बसला की ओढूनही हलेना. ते मी न बोलता त्यांच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली. आत गोटा होता.

"भाऊ, हा चुकून आत राहिला होता," त्या म्हणाल्या. "काढाले बहुत त्रास झाला."