अळीला नको, ताईंना हवा

अंगणात अळी आली नाही म्हणून ज्याच्या तोंडचा घास कडू होतो, असा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असावा आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं भाग्य. आमगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी हयातभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. वयानं माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणतो. गाव त्यांना सर म्हणतं, आणि पाठीमागे जे म्हणतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नव्याण्णव सालच्या सुमारास कृषी विद्यापीठातल्या एका जुन्या मित्रानं त्यांना जंगली टोमॅटोचं चिमूटभर बी दिलं आणि तेव्हापासून त्यांचा संसार, सुट्ट्या, पाहुणचार, सगळं त्या चिमटीभोवती फिरू लागलं.

त्या जंगली झाडाचा गुण असा की त्याच्या पानांवर बारीक चिकट लव असते. पांढरी माशी बसली की अडकून मरते आणि फळ पोखरणारी अळी एक घास घेऊन तोंड फिरवते. अवगुण असा की त्याचं फळ बोराएवढं, पिकलं तरी हिरवंच, आणि चव अशी की आपल्याला अळीची बाजू पटावी. भाऊजींना त्या झाडाची लव आणि आपल्या बाजारातल्या टोमॅटोची चव एकाच झाडावर आणायची होती. औषधाचा थेंब न मारता अळी ज्याला शिवणार नाही आणि माणूस आवडीनं खाईल, असा टोमॅटो. "येवढंच करायचं हाये," ते मला म्हणाले. "मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत होऊन जाईल," मी म्हणालो. त्यावर ते माझ्याकडे बघून फार प्रेमळ हसले.

दोन झाडांची सोयरीक जुळवायची म्हणजे कळी उमलायच्या आत तिच्यातले पुंकेसर उपटायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधायचा. उपटायला चिमटा कुठला, तर ताईंचा, भुवया कोरायचा. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी, भाऊजींची बायको. तो चिमटा जो गेला तो परत मिळाला नाही. झाडांवरचे लाल दोरे पाहून दूधवाली येता-जाता हात जोडू लागली. घर बौद्ध, नवस-सायास उंबऱ्याच्या आत कधी आले नव्हते. भाऊजी अस्वस्थ झाले आणि भर उन्हात त्या बाईला उभी करून अनुवंशशास्त्र सांगू लागले, की बाई, काही गुण पोरांत दिसतच नाहीत, दडून बसतात आणि नातवंडांत एखाद्यातच उगवतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे नवसच झाला ना जी," ती म्हणाली, "आज मागायचा, अन् नातवाच्या टायमाले भेटायचा." भाऊजींना हे इतकं आवडलं की पुढे वर्गात ते तसंच शिकवू लागले.

लग्नात त्यांच्या शेजारी बसणं धोक्याचं. विहारात सगळे हात जोडून बसलेले असताना ते माझ्या कानाशी लागून म्हणणार, "नवरदेवाचे कान पाह्यले? बापाचे नाई. आजा दाखवा मले, आजा." एकदा आजोबा सापडले, बिचारे कोपऱ्यात जेवत होते, तर यांनी जवळ जाऊन त्यांचे कान दोन्ही बाजूंनी निरखले आणि समाधानानं परत आले. कुणी रागावत नसे, कारण हा माणूस ज्या कुतूहलानं अळीकडे बघे त्याच कुतूहलानं माणसाकडे बघे, आणि त्यात कमीजास्त काही नसे.

अळीचं तर विचारूच नका. आपण बाजारात टोमॅटो हातात घेऊन भोकं शोधतो ती टाळण्यासाठी; भाऊजी शोधत ती घेण्यासाठी. "सर, चांगले टमाटर सोडून किडके काऊन घेता?" भाजीवाली विचारी. "आतला पाहुणा पाहिजे मले," हे उत्तर. मग ते पाहुणे बरणीतून घरी येत आणि अंगणातल्या झाडांवर सोडले जात, कारण अळीनं खाऊन पाहिल्याशिवाय झाड पास की नापास हे ठरणार कसं? एकदा ताई-भाऊजी दरेकशाला नात्यातल्या बारशाला गेले होते. शेजारच्या पटवाऱ्यानं कुंपणावरून ती अळ्यांनी बुजबुजलेली झाडं पाहिली, त्याला दया आली, आणि त्यानं स्वतःच्या पंपानं स्वखर्चानं मस्त फवारणी करून टाकली. भाऊजी आले तर अंगणभर शांतता. पटवारी आभाराच्या अपेक्षेनं कुंपणाशी उभा. भाऊजी त्याला एवढंच म्हणाले, "माझे सगळे परीक्षक मारले जी तुमी," आणि ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळी ताईंनी पटवाऱ्याकडे पोहे पाठवले, कारण त्याचं तरी काय चुकलं होतं?

अळीच्या परीक्षेत पास झालेलं झाड मग दुसऱ्या परीक्षकापुढे जाई, आणि तो परीक्षक म्हणजे ताई. भाऊजींच्या स्वतःच्या जिभेला काही कळत नाही, त्यांना मीठ विसरलेली डाळही आवडते. मला त्यांनी पहिल्याच वर्षी बाद केलं. मी शिष्टाचारानं "छान आहे" म्हणालो, तर म्हणाले, "तुमी गोंदियाचे लोक लय गोड बोलता," आणि शिक्षा म्हणून पिशवीभर बांधून दिले. ताई मात्र ओट्यावर बसायच्या, फोडीला मीठ लावायच्या, डोळे मिटून चावायच्या आणि निकाल द्यायच्या. "रॉकेलात बुडवला काय?" "अळी शहाणी हाये, तिनं नाई खाल्ला." लव आली की चव जायची, चव आली की लव जायची. दर हिवाळ्यात ताई नाही म्हणायच्या आणि दर हिवाळ्यात भाऊजी "बरं" म्हणून खुरपं हातात घ्यायचे. नाही ऐकून इतका खूश होणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

मग निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात त्यांच्या हृदयानं दगा दिला. नागपूरला नेलं, जीव वाचला, पण घरी आले ते निम्मे होऊन. अंगणातली रोपं ताईंनी जगवली. एवढंच नाही, अळी दिसली की पदर सावरत पळणाऱ्या त्या बाईनं किंचाळत किंचाळत का होईना, पण आपल्या हातांनी अळ्या झाडांवर सोडल्या. त्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा भाऊजी शाल पांघरून खुर्चीत होते. ताईंनी फोड तोंडात टाकली आणि लगेच म्हणाल्या, "झाला जी. हाच तुमचा टमाटर. लय चांगला हाये." मी टाळी वाजवली. "अजून एक खाऊन पाह्य," भाऊजी म्हणाले. ताईंनी दुसरीही खाल्ली.

संध्याकाळी ते हट्टानं मला पोचवायला स्टेशनवर आले. बाकावर बसल्यावर म्हणाले, "तुमची ताई खोटं बोलली."

"कशावरून?"

"चावलंच नाई तिनं. गोळी गिळते तसं गिळलं."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलल्या असतील."

"तेच तं सांगून राहिलो. आजवर तोंडावर नाई म्हणत आली, आता नाई म्हणायले भेते. म्हंजे मी किती खराब दिसत असन, सांगा बरं."

टोमॅटो फसल्याचं दुःख त्यांना मुळीच नव्हतं. गाडी आली तशी मी त्यांची शाल सारखी केली आणि डब्यात चढलो.

त्या रात्री त्यांनी ताईंना सांगितलं, "मी काही मरून नाई राहिलो. मले फसवू नको." ताई आधी रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "जहर होता जी. दुसरी फोड तं कशी उतरवली माझं मले मालूम." हे ताईंनीच माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, हसत हसत.

यंदा थंडीत पुन्हा गेलो होतो. ताईंनी फोड चावली, तोंड वाकडं केलं, अंगणात थुंकल्या आणि म्हणाल्या, "नाई. वापस जंगलात धाडा याले." भाऊजी असे काही हसले की त्यांना ठसका लागला आणि ताई पाण्यासाठी धावल्या. दोघंही आता थकले आहेत. हा टोमॅटो जगाला मिळाला तर चांगलंच आहे, शेतकऱ्याचं भलं होईल. पण खरं सांगू का, मला त्याची मुळीच घाई नाही. ताईंनी अजून पुष्कळ हिवाळे भाऊजींना नाही म्हणत राहावं, एवढंच मला मनापासून वाटतं.